आप्पांची जोंगा कुठल्याच खेळात नाही

मोटारींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम आहे. त्यात ठरलेला ट्रॅक नसतो. अख्खा मुलूख मोकळा असतो. डोंगर, गावं, नद्या, वाटेल तिकडे गाडी घालायची. दोन-तीन वर्षांनी नवा भाग येतो आणि खेळणाऱ्याला नव्या देशात नेतो. पुढचा भाग कुठे असावा, त्यात कुठल्या गाड्या असाव्यात, याच्या मागण्या जगभरचे चाहते इंटरनेटवर एका ठिकाणी लिहून ठेवतात. कुणी जपान मागतं, कुणी नॉर्वे, कुणी इटलीतले डोंगर. मी सातारा आणि सांगली मागितले होते, आणि गाडी मागितली होती जोंगा.

पहिलं उत्तर आलं ते असं: 'यात गायींना धडकलं की गुण मिळणार की जाणार?' दुसऱ्याने विचारलं, रस्ता असणार आहे की नुसते खड्डे. तिसऱ्याने एक चित्र टाकलं, त्यात म्हशीच्या शेपटीला नंबरप्लेट बांधली होती. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मी इस्लामपूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत पलंगावर बसून हे वाचत होते आणि माझे कान तापले होते. तरी ते परके होते. खरी आग लागली ती पाचव्या उत्तराने. ते आपल्याच माणसाचं होतं, मराठीत लिहिलेलं. 'ताई, जगासमोर आपलं हसं करून घेऊ नका. मागायचं तर मुंबईचा समुद्रावरचा पूल मागा. हे खेडं कशाला दाखवायचं?'

मी त्याला जे लिहिलं ते इथे लिहिता येणार नाही. अर्ध्या तासात त्या जागेची देखरेख करणाऱ्याने माझी मागणीच कुलूपबंद केली. कारण दिलं, असभ्य भाषा. म्हशीचं चित्र तसंच राहिलं.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. इस्लामपुरात एका इंजिनिअरच्या ऑफिसात रस्त्यांचे आणि इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायचे. पुण्यात शिकताना होस्टेलवर या खेळाचा नाद लागला, तो सुटला नाही. पण ती मागणी माझी नव्हती. ती माझ्या वडिलांची होती. त्यांनी सांगितली, मी लिहिली.

आप्पा फौजेत ड्रायव्हर होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. लडाखपासून आसामपर्यंत त्यांनी गाड्या हाकल्या. गावी आले ते फौजेने निकालात काढलेली एक जोंगा लिलावात घेऊनच. जोंगा म्हणजे फौजेची जीपसारखी गाडी; जीपपेक्षा मोठी, रुंद नाकाची, हिरवी. औंध आणि वडूजच्या मधल्या आमच्या गावात ती गाडी सगळ्यांना माहीत होती. बाळंतिणी तिने दवाखान्यात नेल्या, नवरदेव तिने मिरवले, बियाणं तिने आणलं. आम्हा दोघा भावंडांना शाळेच्या सहलीपेक्षा त्या गाडीतून यवतेश्वरच्या घाटाने कासला जाणं जास्त आवडायचं.

मी ती मागणी लिहिली त्याच्या आदल्या वर्षी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू आला, काठी टेकत चालायला लागले, पण डावा हात आला नाही. साताऱ्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम दिले. रबरी चेंडू दाबायचा, लाकडी पाटीच्या भोकांत रंगीत खुंट्या बसवायच्या. आप्पांनी तीन दिवस केलं आणि पाटी कपाटावर ठेवून दिली.

"आप्पा, आवं हात आसाच ऱ्हाईल," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. मी बालवाडीत न्हाई जात ह्या वयात."

मी पुढच्या शनिवारी गेले ती माझा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणि स्टिअरिंग घेऊन. खरं चाक असतं ते, टेबलाला आवळायचं, खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. आईच्या शिवणयंत्राच्या टेबलाला मी ते बसवलं. आई म्हणाली, "माज्या मशीनचं वाटोळं कर तू." पण पुसून जागा तिनेच करून दिली.

आप्पा बसले. मी त्यांचा डावा हात उचलून चाकावर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला हात लावू दिला नाही. उजव्या हाताने डावा धरून स्वतःच ठेवला, आणि बोटं आवळून धरली. पडद्यावर एक लाल, जमिनीला चिकटलेली शर्यतीची गाडी होती. आप्पांनी ती चाळीसच्या वेगाने, रस्त्याच्या कडेकडेने, पाऊण तास चालवली. मागून येणाऱ्या गाड्या त्यांना धडकून पुढे जात होत्या. ते प्रत्येक धडकेला मान वळवून बघायचे. "ह्यास्नी लायसन कुणी दिलं?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी न्याहारी झाली की बसायला लागले. दोन महिन्यांत डावा हात चाकावरून घसरायचा थांबला. फिजिओथेरपिस्ट बाईंना मी खरं सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, चालू ठेवा.

मग एक दिवस आप्पांनी खेळातल्या गाड्यांची सगळी यादी बघायला मागितली. शेकड्यांनी गाड्या. जर्मनीच्या, जपानच्या, अमेरिकेच्या. मी सरकवत होते, ते चष्मा लावून बघत होते. सगळी यादी संपल्यावर म्हणाले, "आन आपली?"

"आपली कंची?"

"जोंगा गं. ॲम्बॅसडर न्हाई, जिप्सी न्हाई, जोंगा न्हाई. अख्खी फौज हिच्यावर चालली. हिमालय चढलीया ती. आन ह्या चपट्या गाड्या, आपल्या गावच्या ओढ्यात तरी उतरतील का?"

मी सांगितलं की मागणी करता येते. मी हे हसत सांगितलं होतं. त्यांनी मात्र वही मागवली. पुढचे चार शनिवार-रविवार आम्ही तेच केलं. ते सांगायचे, मी लिहायची आणि नकाशावर रेघ ओढायची. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या वळणाला दुसरा गिअर. कासचं पठार, पण गाडी रस्त्यावरूनच. फुलांत घातली तर शर्यतीतून बाद, असा नियम पाहिजे म्हणाले. चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं माळरान, तिथे वारा गाडीला आडवा ढकलतो, तो ढकलला पाहिजे. औंधचा यमाईचा डोंगर, त्याच्या माथ्यावर पहिल्या शर्यतीचा शेवट. खटावची तांबडी धूळ. मग खाली कराडवरून इस्लामपूरकडे, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर चुकवत, सांगलीच्या कृष्णेवरच्या पुलापर्यंत.

"ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतुय म्हनून लिव्ह," ते म्हणाले. "त्येंनी लय आभ्यास केल्यावर बी ह्ये कळायचं न्हाई."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ रस्ते काढले होते, पण इतकं मन लावून एकही नाही. आणि त्या सगळ्यावर कुणीतरी म्हैस आणून बांधली.

आप्पांना इंग्रजी वाचता यायचं, पण मी त्यांना ते दाखवलं नाही. दर शनिवारी ते विचारायचे, "काय म्हनत्यात लोकं?" मी सांगायची, बघू म्हणालेत. खोटं बोलताना मला त्या पाचव्या उत्तरवाल्याचा गळा धरावासा वाटायचा.

तीन-चार आठवडे असे गेल्यावर आप्पा म्हणाले, "आपल्या गाडीचा फोटू जोडला न्हाईस तू. त्येंनी जोंगा बघितली बी नसंल. वडूजला जा आन चारी बाजूनं काढून आण."

आप्पा आजारी पडायच्या आधीपासून जोंगा वडूजच्या गॅरेजात होती, इंजिनाच्या कामाला. आजारपणात ते काम मागे पडलं. माझा मोठा भाऊ पुण्यात कंपनीत असतो. गाडीचं तो बघतोय, एवढंच मला माहीत होतं. मी दुपारी वडूजला गेले. मेकॅनिक एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. मी गाडी विचारली तसा तो सरपटत बाहेर आला आणि हात पुसत राहिला, बराच वेळ.

"आवं ताई, ती गाडी गेली की," तो म्हणाला. "सात-आठ महिनं झालं. तुमच्या भावानं कागदं दिली, सांगलीकडचं मालक आलं आन घिऊन गेलं. तुमास्नी ठावं न्हाई?"

मी तिथूनच, रस्त्यावर उभी राहून, दादाला फोन लावला.

"जोंगा विकलीस?"

तो म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"आप्पांच्या सहीशिवाय विकलीस कशी?"

"सही आहे त्यांची. हॉस्पिटलात घेतली. विम्याचे कागद होते, त्यांच्यात ठेवला गाडीचा कागदही."

दवाखान्याच्या खाटेवर पडलेल्या, तोंड वाकडं झालेल्या माणसापुढे कागद सरकवून माझ्या भावाने त्यांची गाडी काढून घेतली होती. मी त्याला चोर म्हटलं. वडूजच्या भर चौकात, येणारे-जाणारे थांबून बघत असताना म्हटलं.

"म्हण," तो म्हणाला. "पण ते घरी आले असते आणि पंधराव्या दिवशी गाडीत बसले असते. एका हाताने. तू अडवणार होतीस? आई अडवणार होती? रस्त्यावर दुसऱ्या कुणाचं पोर चिरडलं असतं म्हणजे?"

"विचारायचं होतंस त्यांना."

"विचारलं असतं तर हो म्हणाले असते?"

मी आणखी चिडले आणि फोन बंद केला.

मेकॅनिककडून मी त्या मालकाचा पत्ता घेतला होता. मंगळवारी ऑफिसात सुट्टी टाकून सांगली गाठली. गावाबाहेर मिरज रस्त्याला त्यांचं शेत आणि गोदाम होतं. जैन कुटुंब, हळदीचा व्यापार. जुन्या गाड्या जमवायची हौस, आणि त्या लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायचा धाकट्या मुलाचा धंदा. म्हातारे मालक स्वतः मला शेडमध्ये घेऊन गेले.

जोंगा पांढरी होती. दुधासारखी पांढरी, दारांवर सोनेरी वेलबुट्टी, मागच्या सीटला मखमल. पुढच्या काचेवर इंग्रजीत बदामाच्या आकारात काहीतरी लिहिलेलं. आप्पांचा घासून गुळगुळीत झालेला पितळी गिअरचा गोळा जाऊन तिथे काचेचं कमळ बसवलं होतं. आतला वास सुद्धा दुसरा होता, अत्तराचा.

मी भांडायला गेले होते. सगळी वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती. पण त्या माणसाने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "वडलांची तब्येत कशी हाय आता? तुमचा भाऊ सांगत हुता लय आजारी हायत म्हनून. पैसं न्यायला आला तवा रडला हो तो हितं." त्यांनी घेतलेले कागद दाखवले. सगळं रीतसर होतं. त्यांच्यावर कशाबद्दल ओरडणार? मी चारी बाजूंनी फोटो काढले, कारण तेवढंच काम हातात होतं, आणि निघाले. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी लावायला सांगितली तर मी तिच्यावर खेकसले. तिचा काय दोष होता?

रविवारी मी घरी गेले. आई देवळात गेली होती. आप्पा चाकापुढे बसले होते, पण खेळ चालू केला नव्हता. मी त्यांना सांगितलं. गॅरेज, दादा, कागद, सांगली. सांगता सांगता मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. आप्पा ऐकत राहिले. सगळं संपल्यावर म्हणाले, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"गाडी गेल्याचं. मी फौजेत तीस वरीस काढली, पोरी. वाचल्याबिगर कवा सही केलीया का मी? तोंड वाकडं झालं हुतं, डोळं न्हवतं गेलं. तिसरा कागद हुता त्यो. वाचला आन केली सही."

"का केली?"

"त्येनं कागद धरला हुता म्होरं. येवढा बाप्या गडी, पन माज्याकडं बघत न्हवता. म्हटलं, जाऊ दे. त्येला वाटतंय मला कळलं न्हाई. वाटू दे."

मी उभीच होते. मला कळेना की मी आता कुणावर चिडू. मग मी त्यांच्यावरच चिडले. म्हटलं, गाडी गेल्याचं माहीत होतं तर मला वडूजला कशाला पाठवलंत, चार शनिवार मला लिहायला का बसवलंत, त्या लोकांची बोलणी मी कुणासाठी खाल्ली. बोलता बोलता मी म्हशीचं चित्रही सांगून टाकलं, पाचवं उत्तरही. जे इतके दिवस लपवलं होतं ते सगळं बाहेर आलं.

आप्पांनी चाकावरचा डावा हात काढून मांडीवर ठेवला. "खरी गेली," ते म्हणाले. "म्हटलं त्या खेळात तरी आसावी. त्येच्यात तरी चालवीन. आन फोटू म्हनशील, तर तुला माज्या तोंडानं सांगायचं जिवावर आलं हुतं. गॅरेजवाला सांगंल म्हटलं."

मी फोनमधले फोटो त्यांना दाखवले. पांढरी गाडी, सोनेरी वेल. त्यांनी एकेक फोटो बोटाने मोठा करून बघितला. शेवटच्याला म्हणाले, "टायर चांगलं घातल्यात," आणि फोन परत दिला. मग उठून काठी घेऊन अंगणात गेले. मी आत राहिले.

मला त्यांनी बजावलं होतं, दादाला सांगायचं नाही. मी दिवाळीपर्यंत गप्प राहिले.

दिवाळीला दादा, वहिनी आले. पाडव्याच्या दिवशी सकाळी फराळाला सगळे बसलो होतो. दादाने टेबलावरचं चाक बघितलं आणि हसून म्हणाला, "हे बरंय. आप्पांची हौस पण फिटते आणि रस्त्यावरचे लोक पण वाचतात." तो थट्टाच करत होता, वाईट बोलायचं म्हणून बोलला नव्हता. पण 'हौस' हा शब्द मला सहन झाला नाही.

मी म्हटलं, "त्यांनी तो कागद वाचला होता. तिसरा. वाचून सही केली. तू फसवलं नाहीस त्यांना, त्यांनी तुला वाचवलं."

आईच्या हातातला चकलीचा डबा तसाच राहिला. दादाने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी खाली बघितलं. दादा ताट सोडून उठला, बाहेर जाऊन आपल्या गाडीत बसला. काचा वर, इंजिन बंद. तासभर तसाच बसला होता. वहिनी दोनदा जाऊन आली. दुपारच्या जेवणाआधी ते पुण्याला निघून गेले. भाऊबीज राहिली.

ती दोघं गेली तशी आप्पा माझ्याकडे वळले. आयुष्यात त्यांनी मला कधी शिवी दिली नव्हती, त्या दिवशीही दिली नाही. एवढंच म्हणाले, "तुला सांगून चुकी झाली माजी." आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहा दिला तर घेत होते, औषध दिलं तर घेत होते. मी इस्लामपूरला निघाले तेव्हा मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. डावा.

हे होऊन वर्ष झालं. आप्पा आता शर्टाची बटणं स्वतः लावतात. त्या खेळाचा नवा भाग जाहीर झाला, तो आपल्याकडचा अर्थातच नाही. आप्पा म्हणाले, ज्या देशाचा आसंल तो बघू, रस्ता रस्ताच. त्यांचा हा समजूतदारपणा मला पटत नाही. मी त्या जागी नव्या नावाने पुन्हा मागणी टाकली आहे, सगळी, वाऱ्यापासून लाल दिव्यापर्यंत, आणि या वेळी मराठीत. कुणाला वाचायचं असेल तर त्याने भाषा शिकावी. अजून कुणी हसलेलं नाही. कुणाला कळलं नसेल म्हणून असेल.

दादा महिन्यातून एकदा आप्पांना फोन करतो. ते हवापाण्यावर बोलतात, गाडीवर नाही. माझ्याशी तो औषधांपुरता बोलतो. कागद त्याने विम्याच्या कागदांत लपवून ठेवला हे मी विसरलेले नाही, आणि मी पाडव्याला काय केलं तेही विसरता येत नाही. मागच्या रविवारी आप्पांनी दादाला फोन लावून द्यायला सांगितला. मी माझ्या फोनवरून लावला. पलीकडून त्याने "बोल" म्हटलं, मीच बोलणार आहे असं त्याला वाटलं असावं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, ते जमलं नाही, आणि फोन आप्पांच्या हातात दिला.